रांजणाखालच्या नऊ डब्या

माझ्या दुकानात समुद्र होता. तलमडुगूच्या बाजारगल्लीत एक खोली, पुढे लाकडी बाक, मागे पडदा, आणि त्या पडद्यावर समुद्र. भैंशात जिनिंगच्या गेटांवर पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून मी तो काढून घेतला होता. त्यानं समुद्र पाहिला नव्हता, मी पण पाहिला नव्हता. म्हणून त्याच्या लाटा नांगरलेल्या शेतासारख्या होत्या, तासाला लागून तास. मधे एक जहाज, त्याला बससारख्या खिडक्या. काठावर दोन राजहंस. राजहंस त्यानं स्वतःच्या मनानं घातले, मी सांगितले नव्हते.

तरी त्या पडद्यानं मला पोसलं. आसपासच्या गावांतली अर्धी लग्नाची जोडपी त्या समुद्राकाठी उभी राहून गेली. एकदा बेज्जूरकडचा एक पाहुणा फोटोला बसला आणि पडद्याकडे बघून म्हणाला, "ही आपली प्राणहिता नदी काय?" मी म्हणालो, "हो." फोटो काढायच्या वेळी मी वाद घालत नाही, माणूस हलतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. बाकी सगळं भैंशातल्या एका स्टुडिओत पाणी भरता भरता शिकलो. बायकोला मी शिकवलं. बाया बापड्या माझ्यासमोर बसल्या की लाकूड व्हायच्या, म्हणून बायांचे फोटो तीच काढायची. चांगले काढायची, पण एक खोड होती. सूर्य नेहमी पाठीशी घ्यायची. बाहेर फोटो काढला की तिची सावली हमखास फोटोत. लांबच लांब सावली, डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय काळं काळं. मी तिला म्हणायचो, "अवं, जरा बाजूले सरकत जाय. तुही सावली कोनी विकत नाई घेत."

ती म्हणायची, "चेहऱ्यावर उजेड पायजे ना? मंग सूर्य कुठं ठेवू, खिशात?"

फिल्म धुवायचं काम पण तिचंच. आमच्या दुकानाची एक रीत होती. दुसऱ्या स्टुडिओत वापरलेली फिल्म पूर्ण आत गुंडाळतात आणि कोऱ्या फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, बाहेर ठेवतात, म्हणजे ओळखू येते. आमी दोन्हीची जीभ बाहेरच ठेवत होतो, धुताना पकडायला सोपं पडतं म्हणून. मग ओळखायचं कसं? तिनं धागा काढला. फिल्मच्या काळ्या प्लास्टिक डबीला कोरी असेल तर पांढरा धागा, वापरलेली असेल तर लाल. लाल धागा तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा. इतक्या वर्षांत एकदाही घोळ झाला नाही.

मग रंगीत आलं, आणि रंगीत जातं न जातं तोवर हातोहाती मोबाइल आले. दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटच्या नऊ डब्या उरल्या होत्या. मी म्हणालो, फेकून दे. तिनं त्या एका स्टीलच्या डब्यात घातल्या, झाकणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढली आणि रांजणाखालच्या वाळूत पुरल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्यावर भाकर शेकेल असं ऊन पडतं. फिल्मला गरमी चालत नाही आणि घरात फ्रीज नव्हता. घरात थंड अशी जागा तेवढीच, रांजणाखालची ओली वाळू.

तेव्हापासून ती रोज सकाळी पाणी भरलं की तांब्याभर पाणी वाळूवर टाकायची. उन्हाळ्यात दोनदा. पंधरा वर्षं. मी खाटेवरून टोमणा मारायचो, "काय गहू पेरला काय तिथं?"

ती म्हणायची, "तुमाले काय करायचं?"

मागच्या वर्षी ती गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी गेली. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. लिहून काही होत नाही.

वर्षाच्या पुण्यानुमोदनाला लेक आणि जावई आले. जावई बँकेत आहेत, त्यांची बदली तिकडे आंध्रात बापटल्याला झालेली, समुद्राकाठी. कार्यक्रम आटपला, पाहुणे गेले, आणि लेक रांजण घासायला बसली. रांजण हलवला तशी म्हणाली, "बाबा, खाली हे काय हाय?"

वाळू कोरडी ठणठणीत होती. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वर्षभर मी रांजणातून पाणी प्यायलो, ओंजळभर पाणी खाली टाकलं नाही. एक अख्खा उन्हाळा त्या डब्या तापल्या. लेकीनं डबा उघडला. नऊच्या नऊ डब्या जशाच्या तशा, प्रत्येकीला धागा. इतक्या वर्षांत डब्याच्या आत पण ओल शिरली होती, धागे सगळे पांढुरके पडले होते. मी मोजले. नऊ कोऱ्या.

"फेकून देऊ काय?" लेक म्हणाली.

हेच मी सोळा वर्षांपूर्वी म्हणालो होतो. तोंडातून एकदम निघालं, "हात नको लावू."

त्या दिवसापासून एकच गोष्ट मनात रुतून बसली. तिनं पंधरा वर्षं जे जपलं ते मी एका उन्हाळ्यात घालवलं काय? फिल्म मेली असेल तर ती माझ्या हातानं मेली. हे बघायचा एकच रस्ता. फोटो काढायचे आणि धुवायचे.

लेक म्हणाली, आमच्याकडे चला, महिनाभर राहा. मी कधी कुठं जात नाही. पण या वेळी डब्या घेतल्या, खिळ्यावरचा जुना कॅमेरा घेतला आणि गाडीत बसलो. नऊपैकी तीनच डब्या घेतल्या. बाकी सहा परत वाळूत पुरल्या आणि शेजारणीला पाणी टाकायला सांगून आलो. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जसा काही मी वर्षभरात वेडा झालो.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं पहिलं म्हणणं हे, की आमच्या पेंटरनं लय फसवलं. राजहंस एक पण नव्हता. कावळे होते, आणि कुत्रे. पाणी कडेला मातकट, मधे हिरवट, आणि शेवटची रेघ इतकी सरळ की पट्टीनं ओढावी. पेंटरची रेघ उजवीकडे उतरती होती. तीस वर्षं मी लोकांना उतरत्या समुद्रापुढे उभं केलं आणि एकानं पण तक्रार केली नाही.

जावई म्हणाले, "कसं वाटलं, मामा?"

"आवाज लय करतो," मी म्हणालो. "आमचा पडदा शांत होता."

कॅमेऱ्याचा उजेड मोजायचा काटा कधीच मेला आहे. मला तो लागत नाही. उजेड डोळ्याला कळतो. जुन्या फिल्मला उजेड जास्त द्यावा लागतो, म्हाताऱ्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं तसं. मी भिंग दोन खुणा जास्त उघडलं आणि पहिला खटका दाबला. इतक्या वर्षांनंतर बोटाखाली तो आवाज आला. बरं वाटलं. खोटं काऊन बोलू, लय बरं वाटलं.

मग मला रोजची सवयच लागली. सकाळी जावई बँकेत जाताना मला गाडीवरून समुद्रावर सोडायचे आणि दुपारी लेक रिक्षानं न्यायला यायची. मधला वेळ माझा. सुरूच्या झाडांखाली एक बाई टपरी लावते. मिरचीची भजी चिरून त्यात कच्चा कांदा भरून देते, वर लिंबू पिळते. तिखट इतकं की कानातून वाफ निघावी. त्यावर छोट्या ग्लासातला चहा. ते खाऊन धोतर गुडघ्यापर्यंत खोचायचं आणि पाण्यात उभं राहायचं. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. माणूस उभ्या जागी बोटभर बुडतो, कोणीतरी तळव्याला गुदगुल्या करतं तसं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हातारा माणूस एकटाच हसत उभा.

वाळूत शेंगदाण्याएवढे खेकडे. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत भोकात. एका खेकड्यासाठी मी अर्धा तास पालथा पडून राहिलो, भोकावर नेम धरून. मागून आवाज आला, तेलुगूत. सुकी मासळी विकणारी एक कोळीण होती, माझ्याच वयाची, डोक्यावर टोपली.

"ताता, काय हरवलं?"

माझं तेलुगू बाजारापुरतं आहे, पण ताता म्हणजे आजोबा एवढं कळतं. मी म्हणालो, "खेकड्याचा फोटो पाहिजे."

"त्याचं आधार कार्ड काढायचं काय?"

मी उठून बसलो. मी म्हणालो, तुझाच काढतो. ती म्हणाली, "माझा कशाला? मोबाइलमध्ये माझ्या नातवानं शंभर काढले, एकात पण मी बरी नाही." पण टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि उभी राहिली ती थेट आमच्या पडद्यासमोरच्या बायांसारखी, लाकूड. मला वाटलं, आता हिला हसवायला माझी बायको पाहिजे होती. एवढ्यात एका कावळ्यानं टोपलीतला मासा उचलला. कोळीण त्याच्या मागे धावली, तोंडानं त्याच्या सात पिढ्या काढत, आणि मी खटका दाबला. तो फोटो चांगला येणार हे मला तिथंच कळलं. फिल्म जिवंत असेल तर. तेवढंच एक मधे मधे टोचायचं. भजी खाताना नाही टोचायचं, खटका दाबला की टोचायचं.

जाळं ओढणारे, वाळत घातलेले मासे, ओली धोतरं घेऊन पळणारे पाहुणे, लाटेवर भुंकणारं एक कुत्रं. दोन फिल्म अशा भरल्या. तिसरी मी शेवटच्या दिवसासाठी ठेवली आणि ती सगळी पाण्यावरच घालवली. माणूस नाही, होडी नाही. नुसत्या लाटा आणि ती सरळ रेघ. फोटो काढणाऱ्यानं असली फिल्म वाया घालवू नये. पण मला आमच्या पेंटरला एकदा खरा समुद्र दाखवायचा होता. तो मरून दहा वर्षं झाली, ते सोडा.

औषध, म्हणजे फिल्म धुवायचं डेव्हलपर आणि हायपो, जावयानं मोबाइलवरून मागवलं. घरपोच आलं. फिल्म गुंडाळायचा टँक माझा मीच पिशवीतून आणला होता. एका सुट्टीच्या सकाळी न्हाणीघर ताब्यात घेतलं. खिडकीला चादर, दाराच्या फटीला टॉवेल. बादलीत माठाचं पाणी, औषध गार ठेवायला. दिवा बंद करून फिल्म टँकच्या चकरीत भरायची, ती चाचपतच. पूर्वी हे काम तीच करायची, मी बाहेरून नुसता घाई लावायचो.

टँकचं झाकण बसलं, दार उघडलं. आता औषध टाकून हलवत बसायचं. लेक दारात स्टूल घेऊन बसली, मोबाइलवर वेळ बघायला. माझं तोंड बघून म्हणाली, "बाबा, एवढे काऊन घाबरून राह्यले? नाई आले तर नाई आले. मोबाइलवर काढू."

मी सांगून टाकलं. "तुही आई पंधरा वर्षं वाळू भिजवत होती. मी वर्षभर नाई भिजवली. उन्हाळा गेला मधे. फिल्म मेली असंल तर म्या मारली."

लेकीनं मोबाइलवर वेळ बघितली. म्हणाली, "टँक हलवा, थांबले तुमी."

पहिली फिल्म बाहेर काढली. करडी होती, धुक्यातून काढल्यासारखी. कडा काळ्या. पण उजेडाला धरली तर सगळं होतं. जाळं ओढणारे होते, कुत्रं होतं. उलटं दिसतं फिल्मवर, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं, पण मला सुलट्यासारखंच वाचता येतं. दुसरीत कोळीण होती, हात वर, पदर मागे, आणि कोपऱ्यात कावळा माशासकट. मी स्टुलावर बसलो. लेकीनं पाणी आणून दिलं. फिल्म मेली नव्हती. म्हातारी झाली होती, मेली नव्हती.

तिसरी धुतली ती आता निश्चिंत मनानं, गुणगुणत. उजेडाला धरली आणि मला काही समजेना. पाणी होतं, रेघ होती, पण रेघेवर खाटेचे पाय. लाटेत शेळी. एक चौकट संपून दुसरी सुरू होते तिथं पापडांची रांग. मी म्हणालो, "बिघडली. ही एक गेली."

लेकीनं फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, मोबाइलनं तिचा फोटो काढला आणि मोबाइलवर काळ्याचं पांढरं केलं. असं करता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तिनं बघितलं, मोठं करून बघितलं, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"बाबा, हे तुमी हाय."

मीच होतो. आमच्या अंगणात, लिंबाखाली, खाटेवर झोपलेलो. तोंड उघडं, पोटावर पेपर. शेळी आमची काळी शेळी, दुकान बंद झाल्यावर घेतलेली. खाटेवरचे पापड, रांजण, लेकीची जुनी सायकल. सगळ्यावरून समुद्र गेलेला.

त्या फिल्मवर आधीच फोटो काढलेले होते. मी कोरी समजून त्यावरच परत काढले. मी तिसरी डबी शोधून आणली आणि धाग्याची गाठ दातानं सोडवली. वरून पांढुरका, पण गाठीच्या आत, जिथं ओल पोचली नव्हती तिथं, धागा लालबुंद होता. तिच्या लुगड्याचा काठ. कच्चा रंग, पंधरा वर्षांच्या पाण्यानं उतरला. घोळ तिनं केला नव्हता. मीच गाठ न सोडता डबी उघडली.

मग आठवलं. दुकान बंद झाल्यावर वर्षभरानं असेल, तिनं एकदा विचारलं होतं, "औषध हाय काय थोडं शिल्लक?" मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो होतो, "आता काय धुयाचं हाय?" ती परत बोलली नाही. म्हणजे दुपार कलली तरी मी झोपलेलो असलो की खिळ्यावरचा कॅमेरा काढून ती अंगणात फिरत होती. घोरणाऱ्या माणसाचे फोटो काढत होती. कोणाला दाखवायला? मला सांगता येत नाही.

लेक एक एक फोटो पुढे सरकवत होती. मी पेपर उघडून झोपलेलो, मी कूस बदलून झोपलेलो. लेक म्हणाली, "आईनं तुमाले जागं असताना काऊन नाई काढलं?"

"जागा असलो की शिकवत बसलो असतो," मी म्हणालो. "सरक, सावली येते म्हणत."

आणि सावली होतीच. प्रत्येक फोटोत. खालच्या कडेपासून निघून अंगणभर लांब, डोक्यावर पदर, दोन्ही कोपरं बाहेर. सूर्य पाठीशी. अंगण उन्हानं पांढरं पडलेलं, त्या पांढऱ्यावर समुद्र उमटलाच नाही, पुसून गेला. एका फिल्मवर दोनदा फोटो काढला की असं होतं. जिथं पहिल्यांदा उजेड पडला तिथं दुसरं चित्र बसत नाही. जिथं अंधार असतो तिथंच बसतं. म्हणून पूर्ण फोटोत समुद्र नीट दिसतो तो फक्त तिच्या सावलीत. पायापासून छातीपर्यंत लाटा, आणि छातीच्या उंचीवर ती सरळ रेघ. सावलीचं डोकं माझ्या खाटेच्या पायाला टेकलेलं.

आयुष्यभर मी जिला बाजूला सरक म्हणालो, तिनं जागा ठेवली म्हणून माझा समुद्र आला. त्या फिल्मवरच्या माझ्या चांगल्या काढलेल्या छत्तीस फोटोंपैकी बाकी काही उरलं नाही.

लेक रडली. मी नाही रडलो, मी परत परत मोबाइल मोठा करून बघत होतो. मग लेकीला म्हणालो, फोटो मोठा करून आण, मला डोळ्यात मोतीबिंदू आहे. तिनं आणला. तो आता गावी भिंतीवर आहे, पडद्याचा खिळा होता तिथं.

महिना संपला आणि मी गावी आलो. शेजारणीनं सांगितल्याप्रमाणे पाणी टाकलं होतं, वाळू ओली होती. सहा डब्या काढल्या आणि सहाही गाठी सोडवून आतला रंग बघितला. पाच पांढऱ्या निघाल्या. एक आतून लाल.

तिला नवीन लाल धागा बांधला, पक्क्या रंगाचा, दुकानदाराला पाण्यात बुडवून दाखवायला लावला, मगच घेतला. औषध अर्धी बाटली बरोबर आणलं आहे. धुईन एखाद्या दिवशी. आत मीच झोपलेला असणार, काय घाई आहे. ज्या दिवशी अंगणात खाट टाकायला मन लागेल त्या दिवशी धुईन.

तोवर रोज सकाळी पाणी भरलं की तांब्याभर वाळूवर टाकतो. ऊन वाढलं की दोनदा. काल शेजारीण कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "आबाजी, आता तर तुमी आले. अजून काय पानी देऊन राह्यले? गहू पेरला काय तिथं?"

मी म्हणालो, "तुले काय करायचं, बाई?"